मदत हवी आहे: आई-अप्पांसाठी क्रूझ, पोरांची गर्दी कमी असेल असे दिवस कोणते?

नमस्कार मंडळी,

आमच्या आई-अप्पांच्या लग्नाला मे २०२७ मध्ये ५० वर्षं पूर्ण होतील. दोघांनी आजवर समुद्र पाहिला तो किनाऱ्यावर उभं राहूनच. म्हणून आम्ही भावंडांनी त्यांना क्रूझवर न्यायचं ठरवलंय. अप्पांकडे पासपोर्ट नाही आणि या वयात काढायची त्यांची इच्छाही नाही, त्यामुळे मुंबईहून सुटणारी देशातलीच सफर बघतोय. गोवा, कोची, जमलं तर लक्षद्वीप. सोबत मी असेन.

अडचण अशी की अप्पांच्या दोन्ही कानांना मशीन आहे. ज्यांच्या घरात असं मशीन आहे त्यांना कल्पना असेल, ते आपल्याला हवा तेवढाच आवाज उचलत नाही. ताटवाट्या, सरकवलेल्या खुर्च्या, पंखा, सगळंच मोठं होऊन कानात येतं. वयामुळे ऐकू येणं कमी होतं ते बहुतेक वेळा बारीक, चढ्या आवाजांचं, त्यामुळे मशीनही तेच आवाज जास्त वाढवतं. लहान पोराची किंकाळी नेमकी त्याच पट्टीतली. गेल्या लग्नसराईत इथे सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कार्यालयात पंगतीत पोरं खुर्च्यांमधून पळापळी करत होती. अप्पांनी थोडा वेळ सहन केलं, मग हळूच मशीन काढून खिशात ठेवलं. त्यानंतर आई त्यांना शेंगाचटणी हवी का, भाकरी हवी का विचारत राहिली आणि ते नुसती मान हलवत राहिले. तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. मशीन काढलं की ते भरल्या घरात एकटे पडतात, आणि आईला वाटतं आपल्यावर रागावलेत.

क्रूझवर हे व्हायला नकोय. त्या दोघांनी डेकवर बसून एकमेकांशी बोलावं यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

गैरसमज नको म्हणून सांगते, पोरांविषयी तक्रार नाही. आई स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सुट्टीत पोरांनी जहाजावर दंगा करायचा नाही तर कधी करायचा? आम्हालाच दिवस निवडायची मोकळीक आहे, तर ती वापरावी म्हणते.

मी कॅलेंडर घेऊन बसले होते. राज्य बोर्डाच्या शाळांना मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी, म्हणजे मे बाद. जून ते सप्टेंबर पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, मुंबईच्या सफरी बहुतेक बंदच असतात. ऑक्टोबरमध्ये कर्नाटक-तेलंगणातल्या शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते. हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको, आमच्या गल्लीतली निम्मी घरं तेव्हा पाहुण्यांनी भरलेली असतात. मग दिवाळी, त्यात गुजरातच्या शाळांना २१ दिवस. डिसेंबरच्या उत्तरार्धात नाताळ. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, आणि अक्षता सोहळा नि नंदीध्वजांची मिरवणूक सोडून अप्पा पंढरपूरलासुद्धा जायचे नाहीत, क्रूझ तर लांबच. म्हणजे त्यातल्या त्यात सोयीचा वाटला तो जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य.

हा हिशेब बरोबर आहे का? दोन रात्रींची सफर बरी की पाचची? आठवड्याचा कुठला वार? खोली घेताना काय बघायचं? इथल्या एका एजंटला विचारलं तर "मॅडम, मे महिन्यातच सगळे जातात" एवढंच म्हणाला. सगळे जातात म्हणूनच मला मे नकोय हे त्याला पटवता आलं नाही.

आणि भावाचं म्हणणं वेगळंच आहे. लग्नाचा वाढदिवस मेमध्ये, तर साजरा फेब्रुवारीत कसा करायचा? जाणकारांनी आणि ज्यांच्या घरी असं काही झालंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी जहाजावर हॉटेल विभागात नोकरी केली आहे, तेव्हा आतून पाहिलेलं सांगतो.

तुमचा हिशेब बरोबर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा असतात. घरात बोर्डाचं मूल असलं की धाकटंही कुठे जात नाही, आजी-आजोबासुद्धा घरात दबक्या पावलांनी वावरतात. समुद्रही त्या काळात शांत असतो. पण दोन जागा सांभाळा. २६ जानेवारी २०२७ मंगळवारी आहे, सोमवारची एक रजा टाकली की चार दिवस मिळतात. आणि १९ फेब्रुवारी शुक्रवारी येतेय, शिवजयंतीला जोडून शनिवार-रविवार. त्या दोन सुट्ट्यांच्या आसपास जहाज मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनी भरणार. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा किंवा मार्चचा पहिला आठवडा घ्या.

वार म्हणाल तर सोमवारी सुटणारी आणि शुक्रवारपर्यंत परतणारी सफर सापडली तर डोळे झाकून घ्या. शुक्रवारी सुटून रविवारी परतणाऱ्या दोन रात्रींच्या सफरीला ऑफ-सीझन असा नसतोच, शाळा न बुडवता जाता येतं ना. शाळा चालू असताना सफर जितकी लांब तितकी शाळकरी मुलं साधारणपणे कमी. पाच रात्रींसाठी आख्खा आठवडा शाळा बुडवायला आईबाप तयार होत नाहीत. परदेशात तर जहाज एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवताना दोन-दोन आठवड्यांच्या सफरी असतात, मध्ये बंदरं मोजकी. त्यांवर मूल क्वचित दिसतं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. सुट्टी टाळून शाळेतली मुलं टळतात, तान्ही नि दोन-तीन वर्षांची टळत नाहीत. त्यांचे आईबाप उलट स्वस्त दिवस बघूनच येतात. ती मुलं रात्री लवकर झोपतात, त्यामुळे त्यांचा गलका असतो तो सकाळच्या नाश्त्याला. अप्पांना उशिरा नाश्त्याची सवय नसेल तर हॉल उघडल्या उघडल्या जा. अर्ध्या तासात चित्र पालटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे एजंट सांगत नाहीत. ऑफ-सीझनला जहाज रिकामं ठेवणं कंपनीला परवडत नाही. मग कुठल्या तरी कंपनीची डीलर परिषद किंवा कोणाचं लग्न जहाजावर घेतलं जातं. एकही मूल नसलेल्या जहाजावर डेकवर मध्यरात्रीपर्यंत डीजे चाललेला मी पाहिलाय. म्हणून तारीख ठरली की मेल करून स्पष्ट विचारा, त्या सफरीला मोठा ग्रुप आहे का, आणि असल्यास किती खोल्यांचा. फोनवर विचारू नका, लेखी घ्या.

खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खालची, मुलांच्या खेळघराजवळची, लिफ्टला लागून असलेली नको. आणि दोन खोल्यांमध्ये आतून दार असलेली खोली तर अजिबात नको. कुटुंबं अशाच जोडीच्या खोल्या मागतात, आणि त्या दारातून पलीकडचं सगळं ऐकू येतं. डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, अशा खोल्यांमध्ये बहुतेक वेळा बाणासारखी खूण असते, ती बघून घ्या.

बंदरात जहाज लागतं त्या दिवशी सगळे उतरतात आणि वरचे डेक ओस पडतात. वयस्कर माणसांसाठी तो सोन्यासारखा दिवस. गोव्यात उतरायलाच हवं असं काही नाही. लक्षद्वीपला तर लहान होडीत बसून किनाऱ्यावर जावं लागतं, पाय धड नसतील तर जहाजावरच थांबलेलं बरं.

अजून एक, अप्पांसाठी खास. जहाज सुटण्याच्या सुमारास सुरक्षेची कवायत असते, ती सगळ्यांना सक्तीची. त्यात भोंगा वाजतो, सात आखूड आणि एक लांब. तो अंगावर येतो. अप्पांना आधी सांगून ठेवा, त्या वेळी मशीनचा आवाज कमी करायला लावा, आणि सूचना तुम्ही नीट ऐकून त्यांना समजावा. मशीनच्या बॅटऱ्या जास्तीच्या न्या. रात्री मशीन ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवा, खारी हवा त्याला मानवत नाही.

प्रतिसाद:

मी होटगी रोडची. क्रूझचं काही माहीत नाही, पण प्रवासाचं सांगते. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळीच सीएसएमटीला सोडते आणि जहाजावर चढणं दुपारी, मधले तास आई-अप्पांना कुठे बसवणार? स्टेशनजवळ दिवसापुरती खोली आधीच सांगून ठेवा. तिथून जहाज सुटतं तो बॅलार्ड पियरचा धक्का टॅक्सीने जवळच आहे. वंदे भारत पहाटे निघून दुपारी पोचते, पण गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. माझ्या मते ती जाताना नको, येताना घ्या. आणि हो, सोमवारची सफर असेल तर रविवारी रात्रीच्या गाडीचं आरक्षण आधी करा. सोलापूरहून रविवारी रात्री नोकरीवाले किती जातात ते माहीतच आहे तुम्हाला.

प्रतिसाद:

फक्त मोठ्यांसाठीची जहाजं असतात की! व्हर्जिन व्हॉयेजेस आणि वायकिंग १८ वर्षांखालच्यांना घेतच नाहीत. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीची आर्केडिया आणि ऑरोरा ही दोन जहाजंही तशीच. पासपोर्टशिवाय तुमच्या उपयोगाची नाहीत, पण धागा वाचणाऱ्या इतरांना उपयोग होईल. सिंगापूरहून क्रूझ घेणाऱ्यांनी तिथल्या शाळांच्या सुट्ट्या बघाव्यात. जून, नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर, शिवाय मार्च आणि सप्टेंबरमध्ये एकेक आठवडा. आपली मे महिन्याची गर्दी तिथेही असतेच. जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्ष कधी येतंय तेही बघून घ्या.

प्रतिसाद:

मला भावाचं पटतं. ५० वर्षांचा सोहळा आणि नातवंडं नाहीत? आजी-आजोबांना शांतता आपल्याला वाटते तेवढी हवी असते का, हे त्यांनाच एकदा विचारा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटच्या प्रतिसादामुळे काल जेवणानंतर दोघांना सरळ विचारलं. आई म्हणाली, "नातवंडं मेमध्ये इथे येणारच आहेत. घरात कितीही ओरडू देत, मला चालतं. पण बाहेर गेलं की हे मशीन काढतात, आणि मग मी कोणाशी बोलू?" अप्पांनी हे ऐकलं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, फेब्रुवारीच करा. भावालाही फोनवर हेच सांगितलं, तो तयार झालाय. मेमध्ये घरी पूजा आणि सगळ्यांचं जेवण, क्रूझ त्याआधी.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातली, सोमवारी सुटणारी सफर शोधतेय. तसं वेळापत्रक नसेल तर निदान मधला शनिवार-रविवार टाळणारी. ग्रुपबद्दल आणि मधल्या दाराबद्दल मेल आजच पाठवला.

एक शंका राहिली. भाऊ म्हणतो खर्चाची काळजी करू नको, बाल्कनीची खोली घे, दोघं तिथेच निवांत बसतील. घ्यावी का? मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस नावाची क्रूझ जाते, तिच्याबद्दल विचारतेय.

प्रतिसाद:

ताई, मीच, जहाजावर नोकरी केलेला. एम्प्रेस १९९० च्या सुमाराची बांधणी आहे, तिच्यावर बाल्कनीच्या खोल्या थोड्याच आहेत. त्यामुळे हवी असेल तर लवकर ठरवावं लागेल. पण तुमच्या कारणासाठी मी ती घेणार नाही. जहाज चालू असताना बाल्कनीत वारा असतो, आणि मशीनच्या माइकवर वारा आदळला की नुसता घोंघाट ऐकू येतो. अप्पा तिथेही मशीन काढून ठेवतील. त्यापेक्षा मोठ्या खिडकीची खोली घ्या. दार बंद, समुद्र समोर, आणि आई जे बोलतील ते त्यांना ऐकू येईल. डेकवर बसवायचं असेल तेव्हा वाऱ्याला आडोसा असलेली बाजू बघा. कर्मचाऱ्यांना विचारलं तर ते नेमकी जागा दाखवतात, खुर्च्याही लावून देतात.