अनुभव धागा: कामावरून मन कधी उडालं, कधी परत लागलं?

निळी_शाई
आज मीटिंगमध्ये नव्या मुलीचं बोलणं साहेबांनी अर्ध्यात तोडलं. "मुद्द्यावर ये." ती मुद्द्यावरच होती. नंतर मीटिंग संपेपर्यंत ती वहीत तारखेखाली रेघा ओढत बसली. शेवटी "कोणाला काही सांगायचंय?" विचारलं तर नुसती मान हलवली. डिझाइनमधली अडचण तिला ठाऊक होती, सकाळीच मला दाखवली होती.

मला माझी पहिली नोकरी आठवली. तिथले साहेब माझा रिपोर्ट पेनच्या टोकाने उलटायचे, हात न लावता. ओरडणं नाही, शिवी नाही. पण त्या टोकाने इतकं खच्चीकरण केलं की सांगितलं तेवढंच करायचं, असं मन आपोआप ठरवून बसलं. आकडे जुळत नाहीत असं दिसलं की पूर्वी मी मुळापर्यंत जायचे. ते थांबलं. काम वेळेत होत होतं, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

'ऑफिसात भावना आणू नका' म्हणतात. त्या येतातच, आणि कामात दिसतात. मन उडाल्याचे आणि परत लागल्याचे, दोन्ही अनुभव लिहा.

रात्रपाळी
पेनचं टोक वाचून कसंतरीच झालं. मी वॉर्डात आहे. आमच्या जुन्या इन्चार्ज चूक कळली की सगळ्यांसमोर झापायच्या. चुका काही कमी झाल्या नाहीत, सांगणं बंद झालं. सलाइनचा वेग चुकलेला दिसला तर गुपचूप नीट करायचा, रजिस्टर कोरं. नव्या सिस्टर आल्या त्यांनी हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, विचारायला सुरुवात केली, "आज काय चुकता चुकता राहिलं?" रजिस्टर भरायला लागलं. वरच्यांना वाटलं वॉर्ड बिघडला!
एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हाही चांगल्या टीममध्येच जास्त चुका नोंदलेल्या निघाल्या. तिथे माणसं बोलत होती म्हणून. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा आमच्याच वॉर्डाची गोष्ट वाटली.

दोन_ओळी
जागा धरून ठेवते. मुलाला झोपवून येते.

कळफलक
आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, किती दुरुस्त केल्या ते मोजून बक्षीस सुरू केलं होतं. टीममध्ये एकजण होता, संध्याकाळी कोणी न सांगता जुना कोड साफ करत बसायचा. त्यातच त्याचा जीव रमायचा. बक्षीस आल्यावर तो सोपे बग आधी उचलायला लागला, अवघड तसेच पडून. पुढे योजना गुंडाळली, पण तो काही परत जुना कोड साफ करायला बसला नाही. याचं मला फार वाईट वाटलं.
एडवर्ड डेसी यांचा १९७१ चा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली, काहींना मध्येच सोडवण्याचे पैसे दिले. पैसे थांबल्यावर ते फावल्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावायला लागले. आवडीच्या कामाला दर ठरला की आवड मागे सरते.

खडू_फळा
@कळफलक पटलं, पण पोटापुरता पगार नसेल तर आवड वगैरे सुचत नाही, हे आधी लिहा. मी बिनपगारी महिने काढलेत. वर्गावर उभं राहिलं तरी डोक्यात उधारीच.
मुलांवरचाही प्रयोग आहे, १९७३, लेपर, ग्रीन आणि निस्बेट. चित्रांची आवड असलेल्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर नंतर मोकळ्या वेळात ती कमी काढायला लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांचं तसं झालं नाही. हे वाचल्यापासून मी वहीत तारे देणं सोडलं. काय आवडलं ते एक वाक्य लिहिते. "नदीला वळण दिलंस म्हणून ती वाहतेय असं वाटतं." वेळ जातो खूप, पण मुलं पुढच्या चित्रात काहीतरी नवं करून बघतात.

रात्रपाळी
@खडू_फळा ताई, माझ्या लेकीच्या बाई पण असंच लिहितात. तिने ते पान फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

खडू_फळा
वही फाडली म्हणून रागावू नका हो तिला :)

हॅलो_बोलतेय
मी कॉल सेंटरला. दिवसभर हेडफोन. समोरचा आईबहिणीवरून बोलतोय आणि आपल्या आवाजात हसू ठेवायचं. क्वालिटीवाले रेकॉर्डिंग ऐकून त्या हसण्याचे मार्क देतात. घरी आल्यावर आईशी एक शब्द बोलवत नाही. सुट्टी घेतली तरी थकवा जात नाही. कोणी बाहेर पडलंय का यातून?

निळी_शाई
कॉल कट करायची परवानगी आहे?

हॅलो_बोलतेय
तीनदा ताकीद दिल्यावर.

निळी_शाई
म्हणजे तीनदा ऐकून घ्यायचं. अगं बाई.

रात्रपाळी
हॅलो, आधी सांग, झोप लागते का? नसेल तर डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस. आणि दोष स्वतःत शोधू नकोस. आवाजात हसू ठेवणं हेही कष्टाचंच काम आहे. आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून त्याला 'भावनिक श्रम' म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउट हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती आहे, असं नोंदवलंय. पार गळून जाणं, कामाचा तिटकारा येणं, आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. यातलं काय काय होतंय ते बघ. घाण कॉलनंतर पाच मिनिटं उठायला मिळावं म्हणून लेखी माग. आमच्याकडे वॉर्डात मृत्यू झाला की सिस्टर आता आम्हाला थोडा वेळ बाहेर पाठवतात. लगेच पुढच्या पेशंटकडे गेलं की हात थरथरतात.

जुना_गडी
निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या वेळी भावना कोणी विचारत नसे. फोरमन मात्र मशीनपाशी येऊन तयार जॉबवर, म्हणजे घडवलेल्या भागावर, अंगठा फिरवायचे, फिनिश बघायला. चांगलं असलं तर काही न बोलता पुढचा जास्त अवघड जॉब हातात द्यायचे. तेवढ्यासाठी जीव टाकायचो आम्ही. नंतरच्या साहेबांनी केबिनमधून आकडे मागायला सुरुवात केली आणि माणसं पाट्या टाकायला लागली. मशीन तीच, माणसं तीच.
जाता जाता, लेथवर हाताने काम शिकवणारं कोणी माहीत आहे का? नातवाला आवड आहे.

कळफलक
काका, माझा मामा शिकवायचा. विचारून कळवतो.

दोन_ओळी
झोपला एकदाचा. माझा अनुभव मन परत लागल्याचा.
मी रुग्णालयांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करते. ती स्क्रीन बरीच वर्षं माझ्यासाठी नुसते तिकीट नंबर, म्हणजे नोंदवलेल्या कामांचे क्रमांक, होती. मग एका वॉर्डात बसून बघायची संधी मिळाली. एक सिस्टर एका हाताने पेशंटचा हात धरून होत्या आणि ग्लोव्ह घातलेल्या दुसऱ्या हाताच्या करंगळीने स्क्रीनवर उघडणाऱ्या आमच्या 'नक्की का?' विचारणाऱ्या खिडक्या पुन्हा पुन्हा दाबत होत्या. बाकी बोटांना रक्त लागलं होतं. एकदाही कुरकुर नाही. परत येऊन त्यातल्या नको असलेल्या खिडक्या काढायला बसले, तर जेवायचं भान राहिलं नाही. पगार तोच, मॅनेजर तेच.
ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असंच काहीसं मांडलंय. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी पाच मिनिटं बोलू दिलं. महिन्याभरानंतर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता.

रात्रपाळी
@दोन_ओळी ताई, त्या खिडक्या आमच्याकडे अजून आहेत. औषधाचा डोस बदलताना राहू देत, तिथे हव्यातच. पण नुसतं तापमान भरतानाही विचारतात, त्या काढायला सांगा ना कोणाला तरी.

दोन_ओळी
तुमचं सॉफ्टवेअर कुठलं ते मेसेज करा, आमचं असेल तर मीच बघते. डोसच्या आम्हीही ठेवल्यात.

कळफलक
@दोन_ओळी वॉर्डात बसायला मॅनेजरनी सोडलं कसं? आमच्याकडे अर्धा दिवस द्यायलाही तयार होत नाहीत.

दोन_ओळी
'टेस्टिंग' म्हणून अर्ज केला, आणि येताना दिसलेल्या अडचणींची यादी देईन असं लिहून दिलं. यादी त्यांना उपयोगी पडली. आता टीममधलं कोणी ना कोणी अधूनमधून जातं. अर्जाचा नमुना हवा असेल तर पाठवते.

हॅलो_बोलतेय
मलाही पाठवा ताई. पाच मिनिटांचं लेखी मागायचंय, सुरुवात कशी करायची तेच सुचत नाहीये.