मदत हवी आहे: जूनटीन्थसाठी २०० जणांचं लाल सरबत

ह्यूस्टनमधल्या एका कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटीच्या (कॉलेजातून सुरू होणाऱ्या बंधुसंघटनेच्या) शाखेचा जूनटीन्थचा मेळा आहे, सरबताचा स्टॉल आपल्या मंडळींकडे आलाय. १९ जून १८६५ ला टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनमध्ये अमेरिकन यादवी युद्धातल्या उत्तरेच्या सैन्याच्या जनरल ग्रेंजरने गुलामी संपल्याचा हुकूम जाहीर केला, तो हा दिवस. ताटात लाल काहीतरी हवंच: कलिंगड, रेड व्हेल्व्हेट केक आणि जास्वंदीचं सरबत. जास्वंद नावालाच, ती आपली लाल अंबाडीची बोंडं.

हिशोब असा: माणशी २५० मिली, म्हणजे ५० लिटर. सुकी बोंडं दीड किलो, साखर ४ किलो, आलं पाव किलो. १५ लिटर पाणी उकळून गॅस बंद, मग बोंडं घालून २० मिनिटं झाकण. पाण्यात खळाखळा उकळली की तुरट होतात. भांडं स्टीलचंच, अ‍ॅल्युमिनियमला आंबट लागलं की धातूची चव उतरते.

अडतंय ते इथे. बोंडं पाणी पितात, त्यामुळे पिळूनही अर्क १० लिटरच्या आसपास भरतो. उरलेल्या चोथ्यावर दुसरं पाणी घातलं तर रंग येईल, पण आंबटपणा पुरेल का, की लिंबू लागेल? शिवाय १० किलो बर्फ वितळून पाणचट होणार, तर तेवढं पाणी आधीच कमी धरायचं ना? की अर्काचाच बर्फ करायचा? आदल्या रात्री केलेला अर्क फ्रिजबाहेर आंबतो, आणि एवढा मोठा फ्रिज कुणाकडेच नाही.

दुसरं, स्टेपिंगसाठी (पाय आपटून, टाळ्या वाजवून ठेका धरायचा त्यांचा समूहनाच) गवतावर प्लायवूड टाकायचंय. १८ मिमी पुरेल का? खाली आडव्या पट्ट्या नसतील तर पायांचा ठेका दबतो, आणि सगळी गंमत त्या आवाजातच आहे.