'सक्रिय नागरिकत्व' बरोबर आहे का?

एका विद्यापीठीय अभ्यासक्रमाचा मसुदा मराठीत करतो आहे. विद्यार्थी वस्तीत जातात, पाणी-कचऱ्यासारखा एखादा प्रश्न तिथल्या लोकांबरोबर तडीस नेतात, अनुभवाची टिपणे लिहितात. त्याला श्रेयांक मिळतात. 'ॲक्टिव्ह सिटिझनशिप'ला 'सक्रिय नागरिकत्व' आणि 'कम्युनिटी एंगेज्ड लर्निंग'ला 'समाजसंलग्न शिक्षण' लिहिलं. दोन्ही खटकतात.

▪ 'संलग्न' टाळाच. महाविद्यालयं विद्यापीठाला संलग्न असतात. वाचणाऱ्याला वाटेल, आता समाजालाही संलग्नता शुल्क भरावं लागणार! 'नागरिकत्व'चं दुखणं वेगळं. ते मिळतं, नाकारलं जातं, रद्द होतं. कायद्याने दिलेला दर्जा सक्रिय कसा असेल? सक्रिय असतो माणूस. 'सक्रिय नागरिक घडवणे' म्हणा. नामच हवं तर 'नागरिकपण', माणूसपणसारखं. ते वागण्यातून दिसतं.

▪ 'पण'चा हा नियम पटला नाही. लहानपण, म्हातारपण कुठे वागण्यातून येतं? तरी 'नागरिकपण' आवडला.

▪ सरळ 'सेवाशिक्षण' का नको? इंग्रजीत 'सर्व्हिस-लर्निंग', म्हणजे सेवा करता करता शिकणं, हा शब्द रुळलेला आहे.

▪ कारण मराठीत तो तत्पुरुष वाटतो: सेवेचं शिक्षण, म्हणजे सेवा कशी करावी याचं प्रशिक्षण. इथे द्वंद्व हवा, सेवा आणि शिक्षण दोन्ही. गंमत म्हणजे इंग्रजीतही हा वाद झालाय. या पद्धतीचे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट सिग्मन यांनी १९९४ साली याच जोडशब्दाचे चार प्रकार मांडले, तेही फक्त मोठी-लहान (कॅपिटल-स्मॉल) अक्षरं आणि मधली आडवी रेघ यांच्या जोरावर. एकात सेवेला झुकतं माप, एकात शिकण्याला. रेघ नसेल तर दोन्ही शेजारी, पण परस्परांशी संबंध नाही. रेघ आणि दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत, तर समतोल. आपल्याकडे मोठी अक्षरं नाहीत, पण 'आई-वडील'मधली रेघ आहे. तेव्हा 'सेवा-शिक्षण'.

▪ रेघ दिली तरी 'सेवा'मध्ये देणारा वर आणि घेणारा खाली, हे राहतंच. १९७९ मध्ये सिग्मन यांनीच पहिलं तत्त्व सांगितलं होतं की सेवेवर ताबा ती घेणाऱ्यांचा असावा. मग 'सेवा' सोडा, 'समाज'ला कोणता प्रत्यय लावायचा ते तपासा. 'समाजासाठी' म्हटलं की उपकार, 'समाजात' म्हटलं की सहल. 'समाजासोबत'मध्ये दोघंही शिकतात.

▪ ठरलं. शीर्षक 'समाजासोबत शिकताना', उद्दिष्टांत 'सक्रिय नागरिक', श्रेयांकांच्या तक्त्यात 'सेवा-शिक्षण'. छपाईत ती रेघ कुणी खाणार नाही, एवढं पाहायचं.