अक्षरं येतात, पण वाक्य सुटं सुटं वाचतात. ओघ कसा आणावा?

पाटीपेन्सिल
दुसरीच्या वर्गात सात-आठ मुलं अशी आहेत की बाराखडी पक्की, जोडाक्षरंही ओळखतात. पण वाक्य आलं की 'स… र… ब… त' असं सुरू होतं. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असते, त्यामुळे 'काय वाचलंस?' विचारलं की गप्प. रोज एकेकाला उभं करून धड्यातला परिच्छेद वाचून घेते, तरी फरक नाही. घड्याळ लावून वेग वाढवायचा का? हाताशी रोज १५ मिनिटं आहेत.

रफार
ताई, घड्याळ सध्या नको. अडचण वेगाची नाही, तुकडे चुकीच्या जागी पडतायत.

'सरबत' लिहिताना चार अक्षरं, पण बोलताना दोनच ठोके: सर-बत. मूल प्रत्येक अक्षरातला 'अ' पूर्ण उच्चारतं, तेव्हा जो आवाज तयार होतो तो त्याने कधीच ऐकलेला नसतो. मग शब्द माहीत असूनही ओळखू येत नाही. म्हणून शब्द आवाजावर तोडायला शिकवा: चम-चा, कर-वत, ब-दक, घसर-गुंडी. रोज दहा शब्द पुरेत. प्रत्येक तुकड्याखाली पेन्सिलीने कमान काढा. आधी तुम्ही टाळीवर म्हणा, मग मुलाने म्हणावं, मग तोच शब्द सलग. त्याच दिवशी ते शब्द वाक्यात यायलाच हवेत, नाहीतर ओळख सुट्या शब्दापुरतीच राहते.

दुसरं, काही चिन्हांपाशी डोळ्याला मागेपुढे जावं लागतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, उच्चार मात्र नंतर. रफार पुढच्या अक्षरावर असतो, पण म्हणायचा त्याआधी: गर्दी, सूर्य, वर्ग. अनुस्वारही प्रत्येक ठिकाणी वेगळा, आंबा आणि आनंद म्हणून बघा. यांचे शब्द एकाच दिवशी मिसळू नका. एक दिवस फक्त रफाराचे, एक दिवस फक्त अनुस्वाराचे.

आणि शब्दांच्या शेपट्या! 'घरासमोरच्या' बघून मूल घाबरतं. च्या, साठी, पासून, मध्ये, तल्या एवढ्या नजरेने ओळखता आल्या की लांब शब्द निम्मा सुटतो. घरा-समोर-च्या, झाडा-पासून, पिशवी-तल्या.

ओळीखालचं_बोट
रफार यांच्याशी सहमत, पण नुसत्या शब्दांवर थांबू नका. एकेकाला उभं केलं तर १५ मिनिटांत आठ मुलांच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत, बाकीचा वेळ प्रत्येक जण नुसता बसलेला. त्याऐवजी जोड्या करा.

उतारा ५० ते ८० शब्दांचा आणि सोपा हवा. साधा हिशोब: १०० शब्दांमागे पाचपर्यंत चुका चालतात, दहाच्या वर गेल्या की उतारा बदला. चालू धडा या मुलांना बहुतेक वेळा जड जातो, आधीच्या इयत्तेचं पुस्तक घ्यायला संकोच करू नका.

पहिली दोन मिनिटं तुम्ही वाचा, मुलांचं बोट शब्दाखाली सरकत राहू दे. मग सगळ्यांनी तुमच्याबरोबर एकदा. मग जोडीत प्रत्येकाने दोनदा वाचायचं, दुसऱ्याने लक्ष ठेवायचं. शेवटी अर्थावर एक प्रश्न. पुनर्वाचनाची ही पद्धत अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल्स यांनी १९७९ साली मांडली, आणि आजही सुरुवातीच्या वाचकांसाठी तिच्याइतकी खात्रीची दुसरी मला माहीत नाही. एका उताऱ्याचं तीन-चार वेळा वाचन पुरतं, त्यापुढे फारसा फायदा मिळत नाही.

पहिल्या आठवड्यात वाक्यात रेघा मारून द्या: 'संध्याकाळी / आजी अंगणात बसून / शेंगा सोलत होती.' श्वास रेघेवरच घ्यायचा. नंतर रेघा काढून टाका.

मूल अडलं तर तीन सेकंद थांबा, मग शब्द सांगा, आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचून घ्या. दर चुकीला मध्ये टोकलं की मूल वाचताना पुस्तकाऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे बघू लागतं.

पाटीपेन्सिल
तेच तेच वाचून पाठ होणार नाही का?

ओळीखालचं_बोट
काहींचं होतं. तपासायला चित्र झाका आणि उताऱ्याच्या मधलेच चार-पाच शब्द उलट क्रमाने दाखवा. किंवा त्याच शब्दांची नवी वाक्यं फळ्यावर लिहा. तिथे अडखळलं तर ते वाचन नव्हतं, पाठांतर होतं.

काना_मात्रा
बोटाबद्दल थोडं वेगळं मत. एकेका अक्षरावर टेकणारं बोटच पुष्कळदा गती अडवतं. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरायला द्या, ओळही सुटत नाही आणि नजर पुढे धावते.

वेग मोजायचा असेल तर आठवड्यातून एकदाच, न वाचलेल्या उताऱ्यावर, एक मिनिट, बाकी मुलांच्या नजरेआड. वाचलेल्या शब्दांतून चुका वजा करा: ५२ वाचले, ४ चुकले, म्हणजे ४८. तीन सेकंदांत स्वतःच सुधारलं तर चूक धरायची नाही. इंग्रजी वाचनाच्या तक्त्यांशी हे आकडे ताडू नका. 'घरासमोरच्या' हा आपल्याकडे एक शब्द, तिथे तीन-चार होतात. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी. आकडा वाढला पण अर्थ सांगता येईना, तर मोजणी लगेच बंद करा.

एखादं मूल सतत ओळ गाळत असेल, पुस्तक डोळ्यांना चिकटवत असेल किंवा मान तिरपी करत असेल, तर सरावाआधी डोळे तपासून घ्या. आणि सुटं अक्षर दाखवल्यावरही आठवायला वेळ लागत असेल, तर त्या मुलाला उतारे द्यायची घाई नको, आधी अक्षरं पक्की करा.

पाटीपेन्सिल
एक मुलगी उलट आहे. भरभर वाचते, पूर्णविरामालाही थांबत नाही, सगळं एका सुरात.

रफार
तिला संवाद द्या. ससा आणि कासव बोलतायत असा सात-आठ ओळींचा मजकूर, एक भूमिका तिची, एक दुसऱ्याची. आपली पाळी येईपर्यंत तिला थांबावंच लागतं. नंतर एकच वाक्य तीन चिन्हांनी वाचून घ्या: 'तो आला.' 'तो आला?' 'तो आला!' हे जमलं की साध्या उताऱ्यात पूर्णविरामांभोवती रंगीत गोल करून द्या. गोलापाशी टेबलावर एक टिचकी मारायची, मगच पुढचं वाक्य.