नवीन टॉम अँड जेरीत टायमिंग कुठे गेलं?

माऊची_आत्या:
दिवाळीत भावाकडे नाशिकला गेले होते. भाचा सात वर्षांचा. "आत्या, टॉम अँड जेरी बघूया" म्हणाला, मी तर एका पायावर तयार. लागलं ते २०१४ पासूनचं, 'द टॉम अँड जेरी शो'. सलग चार भाग बघितले आणि खरं सांगते, एकदाही हसू आलं नाही. भाचा पण हसत नव्हता, नुसता बघत होता, हातातली चकली हातातच.

मला आधी वाटलं आपलं मन कुठेतरी दुसरीकडे असेल. म्हणून रात्री लॅपटॉपवर त्याला 'द कॅट कॉन्सर्टो' लावून दिलं, १९४७ चं, ऑस्कर मिळालेलं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, टॉम कोट घालून स्टेजवर येतो, पियानोवर फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची हंगेरियन ऱ्हॅप्सोडी वाजवायला बसतो आणि जेरी आत पियानोच्या हातोड्यांवर गाढ झोपलेला असतो. मग जेरीची झोपमोड होते आणि सुरू होतं. मध्ये एका जागी जेरी दोन पट्ट्या काढून तिथे उंदराचा सापळा बसवतो. आता लगेच बोट अडकेल असं आपल्याला वाटतं ना, तर नाही. टॉमची बोटं सापळ्याच्या अलीकडे पलीकडे नाचत राहतात, त्याला पत्ताच नाही, आपला जीव टांगणीला, आणि आपण जरा सैलावलो की खटकन! भाचा अक्षरशः गादीवर लोळला. वहिनी आतून बघायला आली काय झालं म्हणून.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की ते जे थांबणं होतं ना मार बसायच्या आधीचं, टॉमला कळलेलं असतं आता काय होणार आणि तो क्षणभर आपल्याकडे बघतो, ते नवीनमध्ये गेलंय. नवीनमध्ये आपटाआपटी भरपूर आहे पण ते आपटणं लागत नाही. शिवाय घरातले ते रिक आणि जिंजर सतत बोलत असतात, तो स्पाइक कुत्रा बोलत असतो, कुठे शांतता म्हणून नाही. काही भागांत तर टॉम आणि जेरी दोघं डिटेक्टिव्ह असतात, एकाच बाजूने! ज्यांनी हे दोघं जन्माला घातले त्या हॅना आणि बार्बेराने १९४० ते १९५८ मध्ये ११४ भाग केले, म्हणजे वर्षाला सरासरी सहा, दोन महिन्यांना एक सात मिनिटांची फिल्म. सात ऑस्कर उगाच नाही मिळाले. नवीन काढू नका असं मी म्हणत नाहीये, पण नाव तेच लावताय तर निदान तो जीव तरी ठेवा. मला खरंच वाईट वाटलं.

बाबा_ऑन_ड्यूटी:
नाही पटलं. माझी जुळी मुलं पाच वर्षांची आहेत आणि तोच नवीन शो बघून खिदळतात, रोज. तुमच्या भाच्याला तुम्ही शेजारी बसून दाखवलंत, "बघ बघ आता काय होतंय" असं तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार, तो हसणारच.

आणि तुलनाच चुकीची आहे. जुनं टॉम अँड जेरी मुळात मुलांसाठी नव्हतंच, ते थिएटरात मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवायचे, एमजीएमसारखा स्टुडिओ पैसे लावायचा. हे टीव्हीचं काम आहे, रोजचा रतीब. लग्नातल्या पंगतीची तुलना रोजच्या डब्याशी करून डबा वाईट म्हणायचं का?

अजून एक. आपण लहानपणी काय फक्त ते ११४ बघितले का? १९९५ ला कार्टून नेटवर्क आलं तेव्हापासून सगळं मिसळून लागायचं. त्यात नंतरच्या दिग्दर्शकांचे पण होते, जीन डाइचने प्रागमध्ये केलेले १३ होते, चक जोन्सचे ३४ होते, आपल्याला काय माहीत कुठलं कोणाचं. शाळेतून येऊन दप्तर टाकलं की बसायचो आणि हसायचो.

माऊची_आत्या:
माहीत नव्हतं पण कळायचं हो! ते प्रागवाले लागले की आम्ही भावंडं "आज ते विचित्रवालं आहे" म्हणायचो. तो घुमणारा आवाज, टॉमचा तो जाडा रागीट मालक, भीती वाटायची मला. नावं माहीत नसताना आठ नऊ वर्षांच्या पोरांना फरक कळत होता, हेच तर मी म्हणतेय.

की_फ्रेम:
पुण्यात एका ॲनिमेशन स्टुडिओत ११ वर्षं काम करतोय (टॉम अँड जेरीवर नाही केलेलं). वरचं वाचून थोडं लागलं म्हणून लिहितो, कारण "जीव नाही" म्हटलं की लोकांना वाटतं काम करणारे आळशी आहेत.

सिनेमाच्या एका सेकंदाला २४ फ्रेम. जुन्यात प्रत्येक चित्र हाताने, साधारण एक चित्र दोन फ्रेमला आणि जोरात पळापळ असली की प्रत्येक फ्रेमला नवीन चित्र. त्यामुळे टॉम तव्याने चपटा झाला की तो खरंच अख्खा चपटा काढायचे, परत फुगतानाची चित्रं वेगळी. आता टीव्हीसाठी बरंच काम रिगवर होतं. रिग म्हणजे कठपुतळीच समजा, डोकं वेगळं, हात वेगळे, तोंडाचे पंधरावीस आकार तयार, ते हलवायचे. रिगला अख्खं मोडायचं असेल तर त्या शॉटसाठी वेगळं चित्र काढायला लागतं आणि तेवढा वेळ शेड्यूलमध्ये नसतो. आठवड्याला इतके सेकंद झालेच पाहिजेत असा आकडा डोक्यावर असतो. आमच्यातली पोरं रात्री थांबून हौसेने एखादा शॉट सुंदर करतात आणि तो एपिसोडमध्ये दीड सेकंद दिसतो.

पण माऊची_आत्या, तुमचा थांबण्याचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, आणि त्याचा रिगशी काही संबंध नाही. थांबायला चित्रं जास्त लागत नाहीत, उलट कमी लागतात. ते स्टोरीबोर्डला, म्हणजे प्रसंगांची कच्ची चित्रं काढतानाच, आणि टायमिंगला ठरतं. हॅना आणि बार्बेरा या दोघांत गोष्ट आणि स्केचेस बार्बेराकडे होती, टायमिंग हॅना बघायचा. संगीताच्या मोजपट्टीवर कुठल्या ठोक्याला काय होणार ते लिहून काढायचा, आणि स्कॉट ब्रॅडली त्याच्यावर संगीत रचायचा.

गंमत म्हणजे १९५७ ला एमजीएमने कार्टून विभाग बंद केला आणि हीच दोन माणसं टीव्हीकडे वळली, तिथे बजेट इतकं कमी की योगी बेअर या त्यांच्या कार्टून अस्वलाच्या गळ्यात कॉलर घातली, कशाला, तर फक्त डोकं हलवायचं आणि खालचं धड तेच ठेवायचं, जोड दिसू नये म्हणून. तरी योगी आवडलाच ना लोकांना? मग कमी चित्रं हे कारण पुरत नाही. ज्याला कुठे थांबायचं हे कळतं त्याला तेवढं ठरवायला वेळ मिळायला हवा, दुखणं तिथे आहे.

ढोलकीवाला:
मी तबला शिकवतो, ढोलकीपण वाजवतो. की_फ्रेम यांनी बरोबर सांगितलं. जुना टॉम भिंतीवर आपटतो तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर आपटतो! तिहाई ऐकताना कसं, तोच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याच्या शेवटी सम, ऐकणारा आपोआप मान हलवतो. ते सापळ्याचं तसंच आहे, बोटं नुसती भोवती फिरवून समेची वाट बघायला लावलीय. माझ्या क्लासमधल्या मुलांना मी आवाज बंद करून ते जुने भाग दाखवतो आणि मग टाळी द्यायला सांगतो, बहुतेक पोरं बरोबर टाळी देतात, कारण ताल चित्रातच आहे.

आणि एक जास्त राग येणारी गोष्ट, आपल्याकडे काही ठिकाणी जुन्याच भागांवर हिंदीत बडबड चढवून दाखवतात. टॉम पळताना बोलतोय, जेरी खाताना बोलतोय, वरून फिल्मी डायलॉग. अहो मुकं होतं म्हणूनच तर ते आमच्या आजीलाही कळायचं, तिला मराठीशिवाय एक अक्षर येत नव्हतं.

स्पष्ट_बोलते:
जुन्याचं एवढं कौतुक चाललंय म्हणून एक बाजू मांडते. जुन्या भागांत घरकाम करणारी ती कृष्णवर्णीय बाई आठवते? चेहरा दाखवत नाहीत, फक्त पाय, चपला आणि ओरडणं. स्फोट झाला की टॉमचं तोंड काळं करून, ओठ मोठे करून त्याला आफ्रिकन दाखवायचे आणि तो विनोद असायचा. अमेरिकेत नंतर ते प्रसंग कापले, तिचा आवाज बदलून परत रेकॉर्ड केला. आपण लहानपणी हसलो कारण आपल्याला संदर्भ माहीत नव्हता. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि काळं म्हणजे हसायचं हे माझ्या वर्गात मला नकोय, एका मुलीला रंगावरून चिडवतात ते मी रोज निस्तरतेय. नवीनमध्ये ते नाही, ही सुधारणाच आहे आणि ती मोठी आहे.

माऊची_आत्या:
ताई, यात माझं काहीच दुमत नाही, ते वाईटच होतं आणि गेलं ते बरं झालं. पण ते काढायला थांबणं काढावं लागत नाही ना. सापळ्याच्या प्रसंगात कोणाचा अपमान आहे?

स्पष्ट_बोलते:
त्यात नाही, मान्य. पण "जुनं तेच खरं" म्हणत पालक जेव्हा सगळाच गठ्ठा मुलांपुढे ठेवतात तेव्हा हे सगळं त्यात येतं. निवडून दाखवा, सोबत बसून दाखवा.

बाबा_ऑन_ड्यूटी:
माझे दोन मुद्दे राहिलेत. एक, तुम्ही हॅना-बार्बेरांना देव्हाऱ्यात बसवलंय, पण १९७५ ला त्यांच्याच कंपनीने टॉम आणि जेरीला मित्र बनवलं होतं, जेरीच्या गळ्यात लाल बो टाय, मारामारी बंद, कारण टीव्हीवर हिंसा नको असा तेव्हाचा दबाव. म्हणजे मूळ लोकांनीच नाव ठेवून जीव काढला, नवीन टीमला कशाला बोल लावायचा?

दोन, संगीत. २०१४ च्या शोमध्ये विवेक मद्दाला या भारतीय वंशाच्या संगीतकाराचं काम आहे, त्याला त्यासाठी डेटाइम एमी हा अमेरिकन टीव्ही पुरस्कार मिळालाय. डोळे मिटून ऐका, मग सांगा मेहनत नाही म्हणून.

माऊची_आत्या:
७५ वालं पण मला आवडत नाहीच. माणसं तीच असली म्हणून काम चांगलं असं कुठे आहे, त्या बो टायवाल्या जेरीला बघून मला लहानपणी सुद्धा चॅनल बदलावंसं वाटायचं. आणि मेहनत नाही असं मी एकदाही लिहिलेलं नाही, परत वाचा.

संगीत काल रात्री हेडफोन लावून ऐकलं, तुम्ही म्हणालात म्हणून. चांगलं आहे. खरंच चांगलं आहे, मला अपेक्षा नव्हती. त्यामुळे जास्तच चुटपुट लागली, कारण ते संगीत धावतंय आणि चित्रातला टॉम त्याच्या मागे नुसता हात हलवतोय.

ढोलकीवाला:
बरोबर, मलाही तसंच वाटलं. साथीदार तयारीचा आहे, नाचणाऱ्याला तालीमच दिली नाही.

की_फ्रेम:
तालमीला वेळ दिला नाही असं म्हणा कृपया.

बाबा_ऑन_ड्यूटी:
बरं, आज संध्याकाळी पोरांना तो पियानोचा भाग दाखवला. शेजारी बसलो नाही, मुद्दाम स्वयंपाकघरात गेलो. मुलगा सापळ्याला जोरात हसला, परत मागे घेऊन दोनदा बघितला. मुलगी अर्ध्यातून उठली, म्हणाली कोणीच बोलत नाहीये, मग तिला नवीनच लावून दिलं. माझं मत बदललेलं नाही. पण मुलगा अजून मागतोय, पुढचा कुठला दाखवू?

माऊची_आत्या:
'माउस इन मॅनहॅटन' दाखवा, १९४५ चा. टॉम जवळजवळ नाहीच त्यात, एकटा जेरी न्यूयॉर्क बघायला जातो. ब्रॅडलीचं संगीत नीट ऐकू येईल असा आवाज ठेवा. मुलीला पण बोलवा.