गेमिनो मंत्राने वस्तू दुप्पट होते, मग विझली कुटुंब गरीब का राहिलं?

पुस्तकवेडी
नमस्कार मंडळी. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, रोज रात्री झोपायच्या आधी आम्ही दोघं हॅरी पॉटर वाचतो, मी इंग्रजीतून वाचते आणि जिथे अडतं तिथे मराठीत सांगते. सध्या सातवा भाग चालू आहे आणि परवा आम्ही जादूगारांच्या ग्रिंगॉट्स बँकेतल्या लेस्ट्रेंज घराण्याच्या तिजोरीपर्यंत पोचलो. तिथे हॅरीच्या मैत्रिणीच्या, हर्मायनीच्या हातून एक रत्नजडित पेला निसटतो आणि एकाचे ढीगभर होतात, मग ज्याला हात लागेल ते भाजतंही आणि वाढतही जातं, गेमिनो आणि फ्लॅग्रांटे असे दोन शाप घातलेले असतात. त्यांच्यासोबत आलेला ग्रिपहूक सांगतो की या नकला कवडीमोलाच्या आहेत, पण हात लावत राहिलात तर त्यांच्याच वजनाखाली चिरडून मराल.

तर इथे मुलाने मला थांबवलं. म्हणाला आई, दुसऱ्या भागात हॅरीच्या मित्राची, रॉनची आई मॉली विझली शाळेच्या खरेदीसाठी बँकेत जाते तेव्हा तिच्या तिजोरीत थोडे चांदीचे सिकल आणि एकच सोन्याचा गॅलियन असतो, ती कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवून बघते आणि सगळं पिशवीत भरते. तिने त्या एका गॅलियनवर हाच मंत्र का नाही टाकला? रॉनला भावाची, चार्लीची जुनी जादूची कांडी का वापरायला लागली? हर्मायनी तर याच पुस्तकात त्या दुष्ट अंब्रिजबाईच्या गळ्यातल्या लॉकेटची नक्कल एका शब्दात करते!

मी म्हटलं नकला कवडीमोलाच्या असतात ना म्हणून. तर म्हणे कवडीमोलाच्या *का*? दिसायला सेम, वजनाला पण सेम, मग काय कमी आहे त्यांच्यात? मला उत्तर देता आलं नाही, आणि "अगं गोष्टच आहे ती" असं सांगून त्याला गप्प करायचं नाहीये कारण त्याला तो कोपऱ्यात हात फिरवायचा प्रसंग खरंच लागलाय मनाला. तुम्हाला काय वाटतं?

निशिगंध
किती छान प्रश्न विचारलाय पोराने, त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा.

मंत्राच्या नावापासून सुरू करते. लॅटिनमधे गेमिनस म्हणजे जुळं, आपली मिथुन रास तीच इंग्रजीत जेमिनी, त्यामुळे मंत्र म्हणजे "जुळं कर" एवढंच. आता त्या जगात शून्यातून सगळंच काढता येत नाही. सातव्याच भागात तंबूत खायला काही नसतं तेव्हा रॉन कुरकुरतो की आई हवेतून जेवण काढायची, त्यावर हर्मायनी त्याला गॅम्पचा नियम ऐकवते, पाच अपवाद आहेत आणि पहिला अपवाद अन्न. अन्न निर्माण नाही करता येत, पण *असलेलं* अन्न वाढवता येतं. म्हणजे विझलींच्या घरात सात मुलांना पोटभर मिळायचं ते मॉलीच्या हातामुळे, घरात थोडं होतं ते ती पुरवायची. तुमच्या मुलाला हे सांगा, वाढवायचा मंत्र त्या माऊलीने वापरलाच असणार, फक्त स्वैपाकघरात.

पैशाचं मात्र वेगळं. चौथ्या भागात लेप्रिकॉनचं, म्हणजे त्या आयरिश बुटक्यांचं सोनं आठवतंय का, क्विडिच या जादूगारांच्या खेळाच्या वर्ल्ड कपला आकाशातून पडतं आणि रॉन मूठभर गोळा करून हॅरीला दुर्बिणीचे पैसे म्हणून देतो? ते काही तासांत नाहीसं होतं आणि हॅरीच्या लक्षातही येत नाही. रॉनला नंतर कळतं तेव्हा त्याला जे वाटतं ना, की आपले पैसे गेले हे याला *कळलंच* नाही, इतके याच्याकडे आहेत, ते वाचताना मला दर वेळी गलबलून येतं. तसंच काहीतरी गेमिनोच्या नकलांचं होत असावं, थोड्या वेळाने विरून जात असतील.

पुस्तकवेडी
निशिगंध ताई, स्वैपाकघराचा मुद्दा खूप आवडला, आज सांगते त्याला. पण विरून जातात असं तिजोरीच्या प्रसंगात कुठे म्हटलेलं नाहीये ना? उलट ग्रिपहूक म्हणतो की ढीग वाढतच जाईल. विरणारं सोनं असतं तर थोडं थांबून चोर सुटला असता की.

सराफकट्टा
मी पॉटरचे भाग मुलीमुळे वाचलेत, दोनदा. आमचं तीन पिढ्यांचं सराफीचं दुकान आहे म्हणून जरा त्या बाजूने लिहितो.

माझ्यामते तुमच्या मुलाने नस बरोबर पकडली आहे, वजन. खोटं सोनं पहिल्यांदा पकडलं जातं ते वजनावर. सोन्याची घनता १९.३, तांब्याची साधारण ८.९, म्हणजे त्याच आकाराची तांब्याची वस्तू निम्म्याहून हलकी भरणार. मागे एक आजी पाटल्यांची जोडी मोडीत द्यायला घेऊन आल्या होत्या, त्यांच्या आईच्या. दोन्ही पाटल्या शेजारी ठेवल्या तर नक्षी हुबेहूब, पिवळेपणा तोच, पण हातात घेतल्या घेतल्या डावी हलकी लागली. काट्यावर ठेवली, फरक मोठा. मग कसोटीवर दोन्हींचे कस ओढले. काळा गुळगुळीत दगड असतो, त्यावर दागिना घासला की पिवळी रेघ उठते, त्या रेघेवर ॲसिडचा थेंब सोडायचा, सोन्याची रेघ राहते आणि हलक्या धातूची फेसाळून जाते. पण डावीची रेघ पण राहिली! कारण वर सोन्याचा पत्रा चढवलेला होता. आतल्या बाजूला कानसीने जरा खोलवर घासली तेव्हा लाल दिसलं. कधीतरी घरच्याच कोणी तरी अडचणीत एक खरी पाटली काढून तशीच दुसरी करून ठेवली असणार, आजींना ते लगेच समजलं, काही बोलल्या नाहीत, खरी पाटली पदराने पुसून परत हातात घातली आणि म्हणाल्या ही नाही द्यायची आता.

मुद्दा असा की आपल्या जगातली नक्कल वरून सारखी असते आणि आतून वेगळी. ग्रिपहूकच्या तिजोरीत तर माणूस *चिरडून* मरेल इतकं वजन आहे त्या नकलांना. म्हणजे काटा फसणार, कसोटी पण बहुतेक फसणार. मग कवडीमोलाच्या हे तो कशावरून म्हणतो? मला वाटतं धातूत खोट नाहीये, दुसरीकडेच कुठेतरी आहे, पण कुठे ते माझ्याही ध्यानात येत नाही.

रानवाटा
सराफदादा, तुम्ही अगदी दारापर्यंत आणून सोडलंत!! आता हे बघा, ते वाक्य *कोण* म्हणतं? ग्रिपहूक. म्हणजे गॉब्लिन, त्या जगातल्या बुटक्या, धातू घडवणाऱ्या जमातीतला. हॅरी नाही, हर्मायनी नाही.

आणि त्याच्या एकच प्रकरण आधी रॉनचा मोठा भाऊ बिल हॅरीला बाजूला घेऊन समजावतो की गॉब्लिन लोकांची मालकीची कल्पना आपल्यासारखी नसते, त्यांच्या लेखी वस्तूचा खरा धनी म्हणजे जो ती *घडवतो* तो, विकत घेणारा नाही. म्हणून तर त्यांनी घडवलेली ग्रिफिंडोरची तलवार त्यांना आपली वाटते, हजार वर्षं झाली तरी. मग ज्या पेल्याला घडवणाराच नाही, जो नुसता हात लागला म्हणून उगवला, त्याची गॉब्लिनच्या हिशेबात काय किंमत असणार? शून्य. आणि बँक कोणाची? त्यांचीच. नाणी कोण पाडतं? तेच.

दुसरा पुरावा. पाचव्या भागात हर्मायनी खोटे गॅलियन बनवते, त्यांच्या गुप्त गटाच्या मीटिंगची तारीख कळवायला, त्यांच्या कडेवरचे आकडे बदलतात. तेव्हा ती सांगते की खऱ्या गॅलियनवर तिथे जो नंबर असतो तो नाणं ओतणाऱ्या गॉब्लिनचा असतो. म्हणजे प्रत्येक नाण्यावर कारागिराची सही आहे समजा. मॉलीने गॅलियन दुप्पट केला असता तर दुसऱ्यावरही तीच सही उमटली असती, पण ज्याची सही त्याने ते नाणं कधी हातात धरलेलंच नाही. ती फसवणूकच, आणि ज्याच्या टेबलावर ते नाणं जाणार त्याचीच सही.

तिसरं, त्याच तिजोरीत ग्रिफिंडोरची म्हणून जी तलवार ठेवली होती ती नकली होती, आणि ते ओळखलं कोणी? ग्रिपहूकनेच. तो म्हणतो नक्कल उत्तम आहे पण जादूगाराने केलेली आहे. अस्सल तलवार बॅसिलिस्क या महासर्पाचं विष शोषून घेते आणि पुढे हॉर्क्रक्स, म्हणजे खलनायक व्होल्डेमॉर्टने आपल्या आत्म्याचे तुकडे लपवलेल्या वस्तू, फोडते, नक्कल नुसतीच चकाकते. हर्मायनीने लॉकेटची केलेली नक्कल पण तशीच, सोनं असेल पण आत व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा नाही. गेमिनो *रूप* दुप्पट करतो, वस्तूत कोणी काही घातलं असेल, कौशल्य म्हणा जादू म्हणा आत्मा म्हणा, ते जुळ्यात उतरत नाही. मला तरी पूर्ण पुस्तकभर हाच धागा दिसतो.

सराफकट्टा
वा!! पटलं, शंभर टक्के पटलं. आणि हे काही फक्त त्या जगातलं नाही. पेशवाईत आपल्याकडे कितीतरी टांकसाळींचे रुपये चालायचे, अंकुशी, चांदवडी वगैरे, सगळे चांदीचेच, पण कुठल्या टांकसाळीचा आहे ते बघून सराफ बट्टा कापायचा. नावाला बट्टा लागतो म्हणतो आपण, तो हाच बट्टा. रुपया कोणी पाडला यावर त्याची पत.

आता एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक सक्तीचा झालाय, प्रत्येक नगाचा वेगळा. उद्या माझ्यासमोर एकाच एचयूआयडीच्या दोन अंगठ्या आल्या तर दोन्ही २२ कॅरेट निघाल्या तरी मी व्यवहार थांबवणार. ताई, मुलाला हे सांगा, त्याला लगेच कळेल. आणि पुढच्या वेळी एखादा दागिना घ्याल तेव्हा त्याच्या हातात भिंग द्या आणि तो नंबर वाचू द्या.

कोरांटी
जरा विषय सोडून लिहितेय पण राहवलं नाही. तिजोरीचं ते वर्णन वाचताना मला देवी माहात्म्यातला रक्तबीजच आठवतो, जितके वार कराल तितके थेंब आणि जितके थेंब तितके नवे रक्तबीज. तिथे पण मारून काही होत नाही, थेंब जमिनीला *लागूच* द्यायचा नाही, चामुंडा वरच्यावर पिऊन टाकते. आणि इकडे हॅरी काय करतो, हर्मायनी त्याला मंत्राने उलटं हवेत उचलते आणि ज्याच्यासाठी ते तिजोरीत शिरलेले असतात त्या हफलपफच्या कपाच्या कानात तो सोबत आणलेल्या अस्सल तलवारीचं टोक अडकवून कप उचलतो. हात न लावता! फरक एवढाच की रक्तबीजाचा प्रत्येक जुळा तेवढ्याच ताकदीचा असतो, तिथे नक्कल कवडीमोल नसते, म्हणून ते जास्त भयंकर वाटतं मला.

आणि निशिगंध यांचं अन्न वाढवण्याबद्दल वाचून द्रौपदीची थाळी आठवली. सूर्याने युधिष्ठिराला दिलेली, वनवासात कितीही पंगत उठली तरी पुरायची, पण द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरती बंद. घरची बाई सगळ्यात शेवटी जेवणार हे धरूनच तो वर दिलेला आहे. मॉलीही शेवटीच जेवत असणार.

पुस्तकवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वाचन बाजूला ठेवून आम्ही फक्त यावरच बोलत बसलो, साडेअकरा वाजले.

गॉब्लिनच्या सहीचं सांगितलं तेव्हा तो उठून बसला, मग माझी अंगठी मागितली, भिंग नव्हतं म्हणून मोबाईलचा कॅमेरा झूम करून आतल्या बाजूचा नंबर शोधला. अंगठी लग्नातली आहे, तेव्हा एचयूआयडी नव्हता, पण सोनाराच्या नावाची दोन अक्षरं आहेत, झिजलेली. एवढी वर्षं बोटात आहे आणि मी ती कधी वाचलीच नव्हती.

मॉलीचं मात्र त्याला अर्धंच पटलंय. म्हणाला, पण दुकानदाराला कळलं नसतं ना लगेच, तिने एकदा तरी करून बघायचं. मी म्हटलं मग ते नाणं फिरत फिरत कोणाच्या हातात अडकलं असतं? लेप्रिकॉनचं सोनं शेवटी कोणाला लागलं, पैज हरल्यावर बॅगमन नावाच्या अधिकाऱ्याने रॉनच्या जुळ्या भावांना तेच दिलं ना, आणि त्यांनी त्या पैजेत आपली सगळी साठवलेली रक्कम लावली होती. यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग स्वतःच पाचवा भाग काढून आणला आणि खोट्या गॅलियनचं पान शोधून काढलं. तिथे हॅरी म्हणतो हे चुकून खर्च होतील, आणि रॉन आपल्या हातातलं नाणं बघत म्हणतो, माझ्याकडे खरा गॅलियनच नाही, गोंधळ होणार कशाशी. ते त्याने मला दोनदा वाचायला लावलं.