ख्रिस्तपुराणातली ओवी फादर स्टीफन्सला सुचली कुठून?

कवळ्याची_सून

श्रावणात आमच्याकडे रोज संध्याकाळी पोथी असते. सासूबाईंना मोतीबिंदू, त्यामुळे वाचायचं काम माझं. परवा मी जरा आगाऊपणा केला. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण म्हणजे येशूची कथा मराठी ओव्यांत; शांताराम बंडेलूंनी १९५६ साली देवनागरीत आणलेल्या त्या पुराणाची पहिली पानं झेरॉक्स करून पोथीत सरकवली आणि 'वों नमो विश्वभरिता'पासून नेहमीच्याच चालीवर वाचत गेले. सासूबाईंनी पहिल्याच ओवीला हात जोडले. मध्ये उठून समईची वात पुढे सारली. पंधरा-वीस ओव्या झाल्यावर म्हणाल्या, "हो अध्याय केन्ना आयकूंक नासलो गो. कोणाचो?" मी "एका साधूचा" म्हणून वेळ मारून नेली.

तेव्हापासून चैन नाही. आमची शांतादुर्गा मूळची केळशीची, म्हणजे गोव्यातल्या तेव्हाच्या साष्टीतली. पोर्तुगीजांच्या राज्यात देवळांवर गदा आली तेव्हा तिला जुवारी नदीपलीकडे आदिलशाही मुलखात, कवळ्याला आणावं लागलं. आणि त्याच साष्टीत त्याच धर्माचा पाद्री अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचतो, मराठीला फुलांतली मोगरी म्हणतो! हे प्रेम की डावपेच? आणि विल्टशरमध्ये जन्मलेल्या माणसाला ओवी आली कुठून? नुसतं "डावपेच" एवढंच लिहायचं असेल तर लिहू नका, तेवढं मलाही कळतं.

मडगावचा_जुना_ग्रंथपाल

ताई, मी ख्रिस्ती, शिकलो मराठी शाळेत. दोन्हीकडच्या शिव्या खायची सवय आहे, म्हणून लिहितो.

आधी ओवीचं. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की इकडच्या भाषा कानाला गोड आहेत आणि त्यांची घडण लॅटिन-ग्रीकसारखी आहे. चार वर्षांत एवढं ओळखणारा माणूस कानाने शिकलेला असणार. साष्टीतली देवळं पडली, पण ओवी कशी पाडणार? तुमच्याच केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये कृष्णकथा ओवीत लिहायला घेतली होती. जेझुइटांनी, म्हणजे स्टीफन्सच्याच संघातल्या कॅथलिक पाद्र्यांनी, अशा पोथ्या मिळवून रोमन लिपीत उतरवून घेतल्या, त्यांतल्या काही पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. माझा आपला समज असा की आधी घरांतून ज्या पोथ्या काढून नेल्या, त्याच पुढे पाद्र्यांची क्रमिक पुस्तकं झाली.

तुम्ही वाचलेली पहिली ओवीच बघा ना. 'देवा बापा' हा आमच्या प्रार्थनेतला बाप. पण त्याच्या आधी 'विश्वभरिता' येतं, आणि तिथेच सासूबाईंचे हात जुळले. स्वर्गालाही तो वैकुंठ म्हणतो.

आता राजकारण. हा माणूस प्रोटेस्टंट एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडातला कॅथलिक. त्याचा सोबती थॉमस पाउंड पकडला गेला आणि त्याची सुमारे तीस वर्षं तुरुंगात गेली. हा रोमला निसटला. राजाच्या हातात धर्माची काठी आली की काय होतं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि इथे आला तो नेमका काठीवाल्यांच्या बाजूने! १५ जुलै १५८३ ला साष्टीतल्या कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. मग पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याला बोलावून मारलं. पुराण राशोलला छापून निघालं १६१६ मध्ये, म्हणजे तेहेतीस वर्षांनी. त्यात एक बाटलेला ब्राह्मण विचारतो, आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी तरी द्या. हा प्रश्न पाद्र्याने स्वतःच्या ग्रंथात ठेवला, झाकला नाही, यासाठी मी त्याला मानतो. बंदी चुकीची होती असं मात्र तो म्हणत नाही. त्याचं प्रेमही खरं आणि काठीही खरी. मला तरी त्या दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत.

मोगाची_भास

सगळं मराठीच्या खात्यावर जमा करताय ते बरं आहे! याच पाद्र्याने व्याकरण लिहिलं ते कोंकणीचं, राशोलला १६४० मध्ये छापलं. ख्रिस्ती प्रश्नोत्तरी १६२२ ची, तीही कोंकणीत. पुराणातसुद्धा लोकांना कळावं म्हणून इथल्या बोलीतले शब्द मिसळलेत.

मडगावचा_जुना_ग्रंथपाल

बाब, मान्य. प्रश्नोत्तरी घरच्या भाषेत, पुराण पोथीच्या भाषेत. माझी आजी भांडायची कोंकणीत आणि गोष्ट सांगताना मराठीत शिरायची, त्यात मला कधी विसंगती वाटली नाही. १९८७ चं राजभाषेचं भांडण निदान या धाग्यावर नको. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोला असं फर्मान काढलं, तेव्हा दोघी एकदमच दाराबाहेर गेल्या. पुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या त्या मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांनी.

कवळ्याची_सून

ग्रंथपालबाब, तुमचं उत्तर दोनदा वाचलं आणि काल सासूबाईंना खरं सांगून टाकलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, समईचं तेल पुसत बसल्या. केळशीचं नाव निघालं तेव्हा मान वर केली. मग म्हणाल्या, "देवाकुडींत नाका. वसरेर वाच, हांव आयकतां."

आज दुसरा अध्याय. वसरीवर दिवा नीट नाही, बॅटरी शोधतेय.